बालाघाट हा विझलेला ज्वालामुखी नव्हे

बीडकडं काळा दगड दिसला की म्हणतात, बालाघाटची डोंगररांग म्हणजे विझलेला ज्वालामुखी. माथ्यावर तोंड असणारच. ते तोंड शोधत उन्हात वणवण करू नका. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांब भेगांतून आला आणि थरावर थर पसरत गेला. पुढे नद्यांनी ते पठार कोरलं. आपण ज्याला डोंगर म्हणतो ती बहुतेक ठिकाणी त्या पठाराची झिजलेली कडा आहे. म्हणूनच धारूरचा घाट चढून गेलं की पलीकडं तेवढाच उतार लागत नाही. सपाट रान, ज्वारी, गावं लागतात. एक सुळका इथं नाहीच.

चढताना हे थर पायालाच कळतात. कठीण बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा दगड, उभा कडा धरतो, मऊ थर झिजून टप्पा देतो, मधेच लाल मातीचा पट्टा दिसतो. सुटा मुरूम फार घसरवतो, तिथं जपा. पाणी बघाल तर पाटोदा तालुक्यातच वाटणी होते: मांजरा गोदावरीला मिळते, सौताड्याला कोसळणारी विंचरणा मात्र सीनेमार्गे भीमेकडं जाते.