स्ट्रीट फायटर क्रॉस टेक्केन

दोन जपानी कंपन्यांच्या दोन गाजलेल्या मारामारीच्या मालिकांतली पात्रे एकाच आखाड्यात उतरवणारा व्हिडिओ गेम. स्ट्रीट फायटरवाल्या कॅपकॉमने तो डिम्प्स या कंपनीच्या साथीने तयार केला. मार्च २०१२ मध्ये तो प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर आला, मे महिन्यात पीसीवर आणि ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन व्हिटावर. इंग्रजी नावातला ‘एक्स’ हा ‘क्रॉस’ असा वाचायचा. खेळ म्हणून त्यात दम होता. तरी आज त्याचे नाव निघते ते बहुतेक वेळा एका वादापायी: लोकांनी पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या डिस्कवरच बारा पात्रे कुलूपबंद होती आणि ती उघडण्याचे पैसे वेगळे पडणार होते.

गेमची घोषणा जुलै २०१० मध्ये सॅन दिएगो कॉमिक-कॉन या अमेरिकेतल्या मेळाव्यात झाली. स्ट्रीट फायटरचे निर्माते योशिनोरी ओनो आणि टेक्केनचे निर्माते कात्सुहिरो हारादा यांनी मिळून ती केली. ठरले असे, की कॅपकॉमने आपल्या पद्धतीचा एक गेम करायचा आणि टेक्केनवाल्या नामको कंपनीने आपल्या पद्धतीचा दुसरा, ‘टेक्केन क्रॉस स्ट्रीट फायटर’. असली सरमिसळ कॅपकॉमला नवी नव्हती. १९९६ मध्ये ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ पासून मार्व्हलच्या आणि पुढे एसएनके या गेम कंपनीच्या पात्रांशी त्यांच्या पात्रांच्या लढती लागत आल्या होत्या. पण टेक्केनशी मेळ घालणे अवघड होते. स्ट्रीट फायटरमध्ये सहा बटणे, तीन ठोशांची, तीन लाथांची. टेक्केनमध्ये चार, एकेका हातापायाला एक. टेक्केनचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या बगलेला सरकून वार चुकवतो, तर स्ट्रीट फायटरमध्ये दोघे एकाच रेषेवर समोरासमोर असतात. कॅपकॉमने सगळ्यांना आपल्या सहा बटणांच्या आणि एका रेषेच्या आखाड्यात आणले, पण टेक्केनच्या पात्रांची एकामागून एक फटके गुंफण्याची ढब राखली. टेक्केनचा काझुया किंवा किंग हातात घेतला की तो परका वाटत नाही, हे या गेमचे खरे यश.

लढत जोडीची असते. दोन पात्रे निवडायची आणि चालू लढतीत त्यांची अदलाबदल करायची. मार्व्हलच्या गेममध्ये गटातला शेवटचा गडी पडेपर्यंत लढत चालते. इथे जोडीतल्या कोणा एकाची ताकद संपली की फेरी गेली. हा नियम टेक्केनच्या ‘टॅग’ गेममधला. त्यामुळे जखमी गड्याला वेळेवर मागे घेणे हे फटके मारण्याइतकेच महत्त्वाचे होते. कथानकात अंटार्क्टिकावर येऊन पडलेली एक गूढ पेटी आहे, पँडोरा. त्याच नावाचा एक डावही आहे. लढणाऱ्या गड्याची ताकद पाव हिश्शाच्या खाली गेली की त्याचा बळी द्यायचा. जोडीदार काही सेकंद बेफाम ताकदीने लढतो आणि तेवढ्यात समोरचा आडवा झाला नाही तर आपण हरतो.

कन्सोलवर सुरुवातीला दोन्ही बाजूंची एकोणीस-एकोणीस, अशी ३८ पात्रे होती. रियू, केन, चुन-ली यांच्यासोबत भारतीय योगी धालसिमही होता. प्लेस्टेशनवाल्यांना आणखी पाच मिळाली: ‘इन्फेमस’ या गेमचा कोल, सोनीची कुरो आणि तोरो ही मांजरे, पॅक-मॅन आणि मेगा मॅन. हा मेगा मॅन नेहमीचा निळा चुणचुणीत मुलगा नव्हता. १९८७ च्या पहिल्या गेमच्या अमेरिकी खोक्यावर छापलेला बेढब, पिस्तूलधारी माणूस पोट सुटलेल्या अवतारात इथे उभा केला होता. आदल्याच वर्षी, जुलै २०११ मध्ये, ‘मेगा मॅन लेजेंड्स ३’ रद्द झाल्याने त्याचे चाहते आधीच दुखावलेले होते. त्यांना हा विनोद लागला.

गेम दुकानात येतो न येतो तोच, मार्च २०१२ मध्येच, काहींनी डिस्कवरच्या फाइली उघडून पाहिल्या. आत ब्लांका, साकुरा, गाय, कोडी, एलेना आणि डडली ही स्ट्रीट फायटरची सहा पात्रे आणि अलिसा, ब्रायन, जॅक-एक्स, क्रिस्टी, लार्स आणि ले ही टेक्केनची सहा पात्रे सापडली. फेरफार केलेल्या कन्सोलवर ती चालत होती, लढत होती. अधिकृतपणे ती मिळायला जुलैअखेर उजाडली आणि बाराच्या संचाची किंमत २० डॉलर होती. अमेरिकेत अख्खा गेम ६० डॉलरचा, म्हणजे हा खर्च त्याच्या एक तृतीयांश.

कॅपकॉमचे म्हणणे असे होते, की ज्याने पात्रे घेतली आणि ज्याने घेतली नाहीत अशा दोघांना ऑनलाइन एकमेकांशी खेळता यावे म्हणून पात्रे आधीच डिस्कवर ठेवली. शिवाय मोठी डाउनलोडही वाचते. यात तथ्य आहे. समोरच्याने ब्लांका निवडला तर आपल्या कन्सोलकडेही ब्लांकाची चित्रे आणि हालचाली असाव्याच लागतात. नंतर ‘स्ट्रीट फायटर ५’ मध्येही प्रत्येकाच्या कन्सोलवर अपडेटमधून नवी पात्रे उतरत होती आणि पैसे भरून फक्त त्यांचे दार उघडत होते. तांत्रिकदृष्ट्या गोष्ट तीच. मग लोक २०१२ मध्येच एवढे का चिडले? कारण ‘स्ट्रीट फायटर ५’ ची पात्रे गेम आल्यानंतर बनत होती आणि खेळता खेळता साठवलेल्या गेममधल्या नाण्यांवरही घेता येत होती. इथे मात्र काम आधीच झालेले होते, ते डिस्कवर छापलेले होते आणि ती डिस्क माणसाच्या हातात होती. घर विकल्यावर दोन खोल्यांच्या किल्ल्या घरमालकाने स्वतःकडे ठेवाव्यात, तसे हे झाले. खेळाडूंचा राग अगदी रास्त होता.

या रागाची मुळे आर्केडमध्येही आहेत. मारामारीचे गेम नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर वाढले. आपल्याकडे ज्यांनी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ खेळला, म्हणजे ज्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणत तो, त्यांना ते दिवस आठवतील. एक नाणे टाकले की निवडीच्या पडद्यावरचे सगळे गडी तुमचे. कोण निवडायचा हा आवडीचा प्रश्न होता, ऐपतीचा नव्हता.

पात्रांइतकाच त्रास ‘जेम’ने दिला. प्रत्येक पात्राला पाचपर्यंत जेम लावता येत आणि लढतीत ठरावीक अट पूर्ण झाली की त्यातून जास्त ताकद, वेग किंवा बचाव मिळे. काही जेम समोरच्याची पकड आपोआप सोडवून देत. यातले काही वेगळे पैसे मोजून मिळत, तर काही प्री-ऑर्डरवर, आणि तेही कोणत्या दुकानातून घेतले त्यावर वेगवेगळे. पोशाख विकत घेतला तर लढतीला काही फरक पडत नाही. ताकद विकत मिळायला लागली की समोरासमोरच्या खेळाचा पायाच हलतो. जेमचे बारीक चिन्ह लढतीच्या धामधुमीत ओळखताही येत नसे, मग आपण हरलो ते समोरच्याच्या हाताने की त्याच्या जेमने, हे कळायला मार्ग नसे.

बाकी तक्रारीही होत्या. सुरुवातीला ऑनलाइन लढतीत आवाज मध्येच गायब होई, आणि बचाव करत बसणाऱ्यांमुळे कित्येक फेऱ्या वेळ संपूनच सुटत. एक्सबॉक्सवर तर एकाच घरातल्या दोघा मित्रांना एकत्र बसून ऑनलाइन जोडी लावताच येत नव्हती; जोडीच्या गेममध्ये ही उणीव खटकण्यासारखीच. डिसेंबर २०१२ च्या मोठ्या मोफत अपडेटने लढतीचा तोल बराच सावरला, पण तोवर पुष्कळ जण निघून गेले होते.

मार्च २०१२ अखेर गेमच्या १४ लाख प्रती दुकानांत पोचल्या होत्या. अपेक्षा २० लाखांची होती. एकाच प्रकारचे अनेक गेम थोड्या काळात आणल्याने त्यांनी एकमेकांचा खप खाल्ला, असे कारण कॅपकॉमने दिले. अमेरिकेत बेटर बिझनेस ब्यूरो या संस्थेकडे तक्रारी गेल्या, तेव्हा डिस्कवरचा मजकूर नंतर उघडणे आणि तो नंतर डाउनलोड करणे यात काही फरक नाही, असे उत्तर कंपनीने दिले. या उत्तराने आगीत तेलच ओतले. ही पद्धत पुन्हा तपासून पाहू, असे पुढे काही आठवड्यांत कंपनीला म्हणावे लागले. आणि ऑक्टोबरमध्ये व्हिटावर गेम आला तेव्हा ती बारा पात्रे पहिल्या दिवसापासून त्यातच होती.

टेक्केनच्या हारादांनी त्याच वर्षी वेगळी भूमिका मांडली. पात्रे आणि त्यांच्या चाली बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारख्या असतात, त्या सुट्या विकायच्या नसतात, अशा आशयाचे ते बोलले, आणि ‘टेक्केन टॅग टूर्नामेंट २’ मध्ये नंतर आलेली पात्रे सर्वांना फुकट मिळाली. ती भूमिका टिकली नाही. ‘टेक्केन ७’ मध्ये पात्रे सुटी विकली गेली, आणि फटक्यांची वेळ-मोजणी दाखवणारी सोयसुद्धा वेगळ्या पैशांत आली. ‘टेक्केन क्रॉस स्ट्रीट फायटर’ कधी आलाच नाही. सुमारे ३० टक्के काम झाल्यावर तो थांबला, असे हारादांनी २०२१ मध्ये सांगितले. स्ट्रीट फायटरचा अकुमा मात्र ‘टेक्केन ७’ च्या कथानकात शिरला. २०१७ मध्ये तो गेम कन्सोलवर आला तेव्हा अकुमा मूळ संचातच होता आणि त्याचे वेगळे पैसे पडत नव्हते.