दरीकडे छाती: बर्फावरच्या वळणाची पार्श्वभूमी

आमच्या घरात स्कीइंग आलं ते पलटणीतून. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, आणि मामा तिथूनच भरती होऊन पुढे गुलमर्गला बर्फावर शिकले. आता खानापूरच्या अंगणात वळण दाखवताना ते गुडघे वाकवतात, नडग्या पुढे रेलतात आणि छाती उताराकडेच ठेवून नुसते पाय फिरवतात. भ्यालेला माणूस डोंगराच्या बाजूला कलतो. मग खालच्या, म्हणजे दरीकडच्या पायातल्या स्कीवरचं वजन सुटतं, तिची कड बर्फात रुतत नाही आणि तो घसरतो. अवघड उतारावरचं सगळं कसब या एका भीतीभोवती फिरतं.

नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नोरहाइमने झाडाच्या मुळ्या पिळून टाचेला बंध केला, म्हणून स्कीला पायाने वळवता येऊ लागलं. १८६८ साली क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, लोकांनी त्याची वळणं पाहिली. त्याची स्की कमरेत, म्हणजे मधोमध, बारीक होती, हे मला फार मोलाचं वाटतं. तिरपी केली की अशी स्की आपणहून वळते.

पण आल्प्सचे कडे वेगळे. तिथं ऑस्ट्रियाच्या मातियास झदार्स्कीने एकाच काठीच्या आधाराने, एक स्की तिरकी फाकवून वेग आवरत वळायची रीत बसवली. हानेस श्नायडरने सांक्ट आन्टोनला त्याच फाकवण्यातून वेगवान वळण काढलं. त्याचे शिष्य ते घेऊन जगभर गेले. १९२० च्या दशकात साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेटनरने लाकडी स्कीला पोलादी कडा बसवल्या, तेव्हा कुठे टणक बर्फावर पकड आली. पुढच्या दशकात फ्रान्सच्या एमिल आलेने दोन्ही स्की समांतर ठेवून वळायची पद्धत रुजवली.

आपल्याकडे १९४८ मध्ये लष्कराने गुलमर्गला स्की शाळा काढली. तीच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. मामा तिथलेच. त्यांच्या स्की लांब आणि जवळजवळ सरळ होत्या. नोरहाइमची ती बारीक कमर १९९० च्या दशकात आणखी खोल होऊन परतली.

माझी मुलगी यंदा तसल्या स्कीवर गुलमर्गला शिकणार आहे. काल मामांनी तिला अंगणात तासभर उभं केलं. ती मागे रेलली की ते गुडघ्यावर टिचकी मारत.

"भ्यालीस तरी चालंल बाळ, पण खालच्या पायावर ये."