दारू सोडताय? जमेल अशी मीटिंग कशी शोधायची

आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या मंडळींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

आधी एक पाहा. सकाळी घोट घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसतील, पूर्वी सोडताना कधी फीट आली असेल किंवा भास झाले असतील, तर मीटिंगच्या आधी डॉक्टर गाठा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. फीटचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त असतो. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, आपण कुठे आहोत हेही कळेनासं होतं. यात जीव जाऊ शकतो आणि वेळेवर औषधं मिळाली तर वाचतोही. दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर डिस्चार्ज मिळाला की त्याच आठवड्यात पहिली मीटिंग गाठा. घरी आल्यावरचे सुरुवातीचे दिवस फार निसरडे असतात.

मीटिंग म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांना आधार देणं. बहुतेक वेळा ती अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच ‘एए’ची असते. दारूने हैराण झालेले एक शेअर दलाल आणि एक सर्जन अमेरिकेतल्या ॲक्रनला एकमेकांशी बोलत बसले, त्यातून १९३५ साली हे सुरू झालं. भारतात ते १९५७ पासून आहे. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव सांगावं लागत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

पत्ता मिळवायला एएच्या हेल्पलाइनला किंवा व्यसनमुक्ती केंद्राला फोन करा. सरकारची १४४४६ ही नशामुक्तीची मोफत हेल्पलाइनही आहे. इंटरनेटवरची यादी बघून थेट निघू नका. बरेच गट शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. मे महिन्याची सुट्टी, परीक्षा, निवडणुकीचं मतदान केंद्र, असं काही आलं की जागा बदलते. पहिल्यांदाच धीर करून गेलेला माणूस कुलूप बघून परत फिरतो आणि वाटेत परमिट रूम असते. म्हणून त्याच दिवशी दुपारी फोन करून विचारा: आज आहे ना? कितव्या मजल्यावर? मराठीत बोलतात का? ओपन आहे की क्लोज्ड? ओपन मीटिंगला बायको, भाऊ, मित्र कोणीही सोबत येऊ शकतं. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी.

आता निवड. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे वेळ. तुमची पिण्याची वेळ संध्याकाळी ७ ची असेल तर ७ चीच मीटिंग धरा. रविवारी सकाळची सोयीची वाटते, पण शनिवारची रात्र तशीच मोकळी राहते. मग रस्ता बघा. नेहमीच्या वाईन शॉपवरून जावं लागत असेल तर एक स्टॉप पुढे उतरा, दुसऱ्या गल्लीने या. ओळखीचं कोणी भेटेल या भीतीने लांबचा गट धरणारे पुष्कळ असतात. पावसाळ्यात दीड तासाचा प्रवास होईना की त्यांचं जाणं थांबतं. ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो.

चर्चचा हॉल बघून काहींना धर्माची शंका येते. ती भाड्याची जागा असते. बोलण्यात ईश्वराचा उल्लेख येतो, पण तो ज्याला जसा मानवेल तसा.

दहा मिनिटं आधी पोचा, आत गेलात की मागे न बसता मधल्या बाकावर बसा. तास-दीड तास एकेक मेंबर आपला अनुभव सांगतो, ज्याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर नुसतं नाव सांगून ‘आज ऐकतो’ म्हटलं तरी चालतं. शेवटी वर्गणीची थैली फिरते. नव्या माणसाने काही टाकलं नाही तरी चालतं. चहा प्यायला थांबा. दोन-तीन जणांचे फोन नंबर तिथेच मिळतात आणि रात्री १० वाजता तलफ आली की तेच कामाला येतात.

‘हा रोज दोन क्वार्टर मारायचा, मी एवढा नाही पीत’ ही तुलना पहिल्या मीटिंगला बहुतेकांच्या मनात येते. अशाने परत न येणारे फार. म्हणून निदान सहा मीटिंगा आणि दोन वेगळे गट बघितल्याशिवाय ‘मला जमत नाही’ ठरवू नका. शहरात असाल तर पहिले तीन महिने रोज एक हा जुन्या मेंबरांचा सल्ला आम्हाला पटतो. गावात आठवड्याला एकच असेल तर मधल्या दिवसांत फोन आणि ऑनलाइन मीटिंग जोडा.

महिलांनी हेल्पलाइनवर महिलांची मीटिंग किंवा महिला मेंबर विचारून घ्यावी. स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना मेंबर, बाईसाठी बाई आणि पुरुषासाठी पुरुष असावा.

दोन गोष्टी जपा. मेंबरशी उसनवारी नको. आणि कोणी ‘गोळ्या बंद कर’ म्हटलं तर ऐकू नका, तो विषय डॉक्टरांचा.

घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे. माणूस अजून पीत असला तरी तुम्ही जाऊ शकता. दारू सुटण्याची गोळी त्याच्या नकळत जेवणात मिसळू नका. वर दारू प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

मीटिंग बंद सापडली तर दारातूनच तिथल्या मेंबरला किंवा हेल्पलाइनला फोन लावा आणि त्याच संध्याकाळची जवळची दुसरी मीटिंग विचारा.