रजिस्टर मॅरेज म्हणजे नक्की कुठलं? पालिकेतलं की विवाह अधिकाऱ्याकडचं

मामेबहिणीचं लग्न कुपवाडला एका हॉलमध्ये झालं, अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती उठल्या, आणि तीन आठवड्यांनी जावईबापूंना जर्मनीला नोकरी लागली म्हणून तिच्या व्हिसासाठी मॅरेज सर्टिफिकेट हवं झालं. मामांना कुणीतरी सांगितलं की आता कोर्ट मॅरेज करावं लागतंय, त्याला महिन्याची नोटीस असती. मामा हबकलेच. "लगीन झालंय की रे, परत कशाला लावायचं?" असं मला फोनवर विचारत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न सांगणाऱ्यापेक्षा शहाणा होता.

घोळ सगळा 'रजिस्टर' या एका शब्दानं घातलाय. आपल्याकडं झालेल्या लग्नाची नोंद केली तरी "रजिस्टर केलं" म्हणतात आणि अधिकाऱ्यासमोर सह्या करून लग्नच केलं तरी "रजिस्टर केलं" म्हणतात. ही दोन कामं वेगळी, कायदे वेगळे, खिडक्याही वेगळ्या.

पालिका लग्न लावत नाही. ती झालेलं लिहून घेते. मृत्यूची नोंद करते म्हणून पालिका माणूस मारते असं आपण म्हणत नाही ना, तसंच हे. लग्न तुम्ही हॉलमध्ये, देवळात, दारात मांडव घालून, कुठंबी लावा, मग पालिकेत जाऊन सांगायचं की अमुक तारखेला अमक्या ठिकाणी आमचं लग्न झालं, हे तिघं साक्षीदार, ही पत्रिका, हा फोटो. महाराष्ट्रात हे विवाह मंडळे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, 1998 या लांबलचक नावाच्या कायद्याखाली चालतं. गंमत म्हणजे सांगली मिरज कुपवाड महापालिका पण 1998 चीच. नवरा किंवा बायको जिथं राहते त्या हद्दीतल्या निबंधकाकडं जायचं, गावात असाल तर ग्रामसेवकाकडं. नमुना ड म्हणजे विवाह नोंदणीचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या, साक्षीदारांच्या सह्या, आणि लग्न लावणाऱ्याची सही. ही शेवटची सही लोक हमखास विसरतात आणि मग भटजींना शोधत फिरतात, ते नेमके सीझनला दुसऱ्या मांडवात. 90 दिवसांत गेलात तर बरं, उशीर झाला तरी नोंद होते, पण शुल्क वाढतं आणि "एवढे दिवस काय करत होता" हे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळं.

आता दुसरी खिडकी. विशेष विवाह कायदा, 1954. ह्यात अधिकारीच लग्न लावतो, म्हणजे त्या सह्या हेच लग्न. ह्याला आपण कोर्ट मॅरेज म्हणतो पण त्याचा कोर्टाशी संबंध नाही, विवाह अधिकारी नोंदणी व मुद्रांक विभागाचा, जिथं जागेची खरेदीखतं होतात तो विभाग. माझ्या एका मित्राच्या लग्नाला पाव्हणे हार घेऊन सांगलीतल्या विजयनगरला कोर्टात जाऊन थांबले, तिथल्या चहावाल्यानं सांगितलं, इथं लग्नं लागत नाहीत, मोडतात.

इथं लग्न करणार असल्याची नोटीस आधी द्यायची, आणि दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहिलेला पाहिजे. नोटीस ऑफिसात बोर्डावर लागते, 30 दिवसांत कुणाची कायदेशीर हरकत आली नाही की मग तीन साक्षीदारांसमोर डिक्लेरेशनवर सह्या होतात आणि दोघांनी एकमेकांना नवरा-बायको म्हणून स्वीकारतो असं तोंडानं म्हणायचं. हरकत म्हणजे काकांना जात पसंत नाही ही हरकत नव्हे. वय कमी आहे, आधीचा जोडीदार हयात आहे, नातं निषिद्ध आहे असल्या गोष्टी. मुलगा 21, मुलगी 18 हे दोन्हीकडं सारखंच. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न केलं नाही तर ती नोटीस गेली, परत पहिल्यापासून. बोर्डावर नाव लागतं ह्याची घरच्यांना न सांगता लग्न करणाऱ्यांना जी धास्ती असती ती खोटी नाही, आपल्या भागात ओळखीचा माणूस कुठल्याही ऑफिसात निघतोच.

मग कुणी कुठं जायचं? दोघं वेगवेगळ्या धर्मांचे असतील आणि कुणालाच धर्म बदलायचा नसेल तर 1954 चाच रस्ता. दोघं हिंदू, बौद्ध, जैन, शीख असतील तर हिंदू विवाह कायद्याप्रमाणं विधी करून पालिकेत नोंद पुरते, आणि विधीच नको असतील तर परत 1954. लग्न आधीच झालेलं असेल तर मामांसारखं घाबरू नका, पालिकेत जा. (झालेलं लग्नसुद्धा 1954 खाली नोंदवता येतं, पण त्यालाही 30 दिवसांची नोटीस आहे, मग कशाला उगाच.)

खरा धोका उलट्या बाजूनं आहे. काही पोरंपोरी काहीच विधी न करता एजंटाला पैसे देतात, एजंट कुठनंतरी सर्टिफिकेट काढून देतो, आणि ह्यांना वाटतं लग्न झालं. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाले नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटनं लग्न होत नाही. नोंद आहे पण नोंद करण्यासारखं काही घडलंच नाही, असला प्रकार. उलट नोंद केली नाही म्हणून झालेलं लग्न रद्द होत नाही. पत्री सरकारच्या काळात सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचा सांगली धरून, नाना पाटलांच्या लोकांनी कमी खर्चातले गांधी विवाह लावले, त्या जोडप्यांनी कुठला ड फॉर्म भरला होता? संसार झालेच की.

1954 च्या सर्टिफिकेटचं मात्र पालिकेच्या नोंदीसारखं नाही, ते लग्नाचा निर्णायक पुरावा मानतात.

तारखेचा घोळ वेगळाच. पालिकेच्या दाखल्यावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख अशा दोन तारखा असतात, व्हिसाच्या फॉर्ममध्ये लिहायची ती लग्नाची. ज्यांनी आधी अधिकाऱ्यासमोर सह्या केल्या आणि दोन महिन्यांनी घरच्यांसाठी हॉल घेतला त्यांची कायद्यानं तारीख सह्यांची, पत्रिकेवर काही का असेना. त्यांनी परत पालिकेत जाऊन दुसरा दाखला काढू नये, दोन दाखल्यांवर दोन तारखा म्हणजे व्हिसावाल्यासमोर बसून रडायची तयारी.

मृत्यूची नोंद पण घडलेल्या गोष्टीचीच, पण तिथं हद्दीचा नियम फिरतो आणि तिथंच लोक फसतात. लग्नाला तुम्ही कुठं राहता ते बघतात, मृत्यूला माणूस कुठं वारला ते. मिरजेला जत, आटपाडीपासून कर्नाटकातल्या अथणी, कागवाडपर्यंतचे पेशंट येतात, त्यातलं कुणी दगावलं तर नोंद इथल्या महापालिकेत. आमच्या भावकीतले एकजण वडिलांच्या दाखल्यासाठी गावच्या ग्रामपंचायतीत चार हेलपाटे घालून आले, नाव तिथं असणारच नव्हतं. दवाखान्यात कुणी वारलं तर कळवायचं काम दवाखान्याचं, घरी वारलं तर घरच्यांचं, 21 दिवसांत. आणि डॉक्टर जो मृत्यूच्या कारणाचा कागद देतो तो म्हणजे मृत्यू दाखला नव्हे, त्यावर बँक किंवा तलाठी काही करत नाही.

दोन्ही कागद एकत्र लागतात ते नवरा वारल्यावर बाई पेन्शनसाठी जाते तेव्हा. मृत्यू दाखला उशिरा का होईना निघतो, वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटची ऑर्डर आणून सुद्धा. लग्नाच्या अर्जाला मात्र दोघांच्या सह्या लागतात, त्यातला एक गेल्यावर दुसरी सही कुठनं आणणार?

मामेबहिणीचा दाखला मिळाला, भटजी मिरजेत सापडले. फक्त तिच्या आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टवर वेगळं आणि दाखल्यावर वेगळं, त्यामुळं मामा परत खिडकीवर.