शंभरातला एक

ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना बांगलादेश सोडून पळाल्या, तेव्हा आमच्या पानठेल्यावर निकाल लागून गेला होता : "लोकायच्या पोटात आग पडली का सरकार पडतेच." तसं असतं तर नव्वदच्या दशकात उपासमारीनं लाखो माणसं गेली तेव्हाच उत्तर कोरियाची राजवट कोसळली असती.

आग असतेच, पण शेजाऱ्याच्या पोटातही ती आहे, हे कळत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७८ साली याचं गणित मांडलं. ते आपण ग्रामसभेत बसवू.

शंभर जण बसलेत. 'माझ्याआधी किती जण उठले तर मी सरपंचाविरुद्ध उठेन', असा आकडा प्रत्येकाच्या मनात आहे. एकाचा शून्य, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा नव्याण्णव. शून्यवाला उठला, त्याला पाहून एकवाला, त्या दोघांना पाहून दोनवाला. सगळी सभा उभी! आता फक्त एकवाल्याचा आकडा दोन करा. त्याच्या विहिरीचा ठराव व्हायचाय, समजा. शून्यवाला उठतो, इकडेतिकडे पाहतो, एकटाच. आकड्यांची सरासरी ४९.५० होती, ती ४९.५१ झाली. राग जवळपास तेवढाच, पण उठणारे शंभराऐवजी एक. म्हणजे सरासरी असंतोष मोजून भागत नाही. आकड्यांची साखळी कुठं तुटते ते महत्त्वाचं, आणि ते उठणाऱ्यालाही आधी दिसत नाही. (सत्तापालटाचे योग सांगणाऱ्या ज्योतिषांना ते नेहमी सरकार पडल्यावर दिसतं.)

हे आकडे एकमेकांना कळू नयेत, यासाठीच हुकूमशहाची सगळी धडपड. २१ डिसेंबर १९८९ ला रुमानियाच्या चाउशेस्कूनं बुखारेस्टमध्ये स्वतःच सभा बोलावली, टीव्हीवर थेट. गर्दीत गलका उठला. तो हात वर करून नुसता "हॅलो, हॅलो" करत राहिला. प्रक्षेपण तोडलं, पण तोवर तो गांगरलेला चेहरा घरोघरी दिसला होता. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरनं पळाला. यात फेसबुक कुठंच नव्हतं.

बंदूकवाल्यांच्याही मनात असाच आकडा असतो. ९ ऑक्टोबर १९८९ ला पूर्व जर्मनीच्या लाइपझिगमध्ये सुमारे सत्तर हजार लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांनी हात आवरला; बरोब्बर महिन्यानं बर्लिनची भिंत उघडली. त्याच वर्षी जूनमध्ये बीजिंगात मात्र गोळ्या चालल्या, आणि त्यासाठी शहराबाहेरच्या तुकड्या आणल्या होत्या. आपल्या चिमूरचा १६ ऑगस्ट १९४२ चा उठाव मोडायलाही इंग्रजांनी फौज बाहेरूनच आणली.