मामा म्हणजे बाप, अप्पे म्हणजे आई

काळ्या समुद्राच्या पूर्वेला असलेल्या जॉर्जियात मूल ‘मामा’ अशी हाक मारतं, तेव्हा ओ देतो तो बाप. आईला तिथे ‘देदा’ म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटी भागात बोलल्या जाणाऱ्या पित्जंत्जत्जारा भाषेतही ‘मामा’ म्हणजे वडीलच. आफ्रिकेतल्या स्वाहिलीत आणि दक्षिण अमेरिकेतल्या केचुआत हाच शब्द आईचा आहे. तुर्कीत तो बाळाच्या खाण्याचा, आपल्या ‘मंमं’च्या अगदी जवळचा. लॅटिनमध्ये ‘मामा’ म्हणजे आई आणि स्तनही. त्याच शब्दावरून स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली सस्तन प्राण्यांच्या वर्गाला ‘मॅमेलिया’ हे नाव दिलं.

आपल्याकडे मात्र मामा म्हणजे आईचा भाऊ. हिंदी, गुजराती, बंगाली आणि तमिळमध्येही तसंच. तमिळमध्ये सासराही मामाच होतो, आणि याचा खुलासा मराठी घरातही सापडतो. जुन्या वळणाच्या घरात सून सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणते. मामाच्या किंवा आत्याच्या घरीच सोयरीक करायची पद्धत दक्षिणेत आणि महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत होती. तिथे सासरे आणि मामा ही माणसं खरोखरच एक असत. पद्धत मागे पडली तरी संबोधनं टिकून राहिली.

इतक्या दूरदूरच्या भाषांत एकच शब्द दिसला, की या सगळ्या एकाच मुळातून निघाल्या असतील असं वाटू लागतं. असे दावे करणारे संदेश फोनवर रोज फिरत असतात. मला हा दावा मान्य नाही. कारण या शब्दाचं मूळ भाषांच्या वंशावळीत नाही, ते बाळाच्या तोंडात आहे.

साधारण सहा-सात महिन्यांचं बाळ बोबडं बरळू लागतं. त्याला जीभ अजून नेमकी वळवता येत नाही, पण जबडा उघडता-मिटता येतो. तोंड उघडं असताना आवाज काढला की ‘आ’. मध्येच ओठ मिटून सोडले की ‘पा’ किंवा ‘बा’. ओठ मिटलेले असताना हवा नाकातून गेली की ‘मा’. जबडा हलत राहतो, म्हणून तोच आवाज पुन्हा पुन्हा येतो: मामामा, बाबाबा. बाळाने यात कोणाला हाक मारलेली नसते. पण समोरची माणसं ती स्वतःसाठी आहे असं समजतात, आनंदाने तोच आवाज त्याला परत ऐकवतात, आणि तिथे शब्द तयार होतो.

मग आईच्या वाट्याला ‘म’ जास्त का येतो? मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतले आईवडिलांसाठीचे हजारावर शब्द गोळा केले होते. त्यांत आईसाठीच्या ५५ टक्के शब्दांत म, न यांसारखे अनुनासिक होते, वडिलांसाठीच्या शब्दांत फक्त १५ टक्के. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचं कारण सुचवलं. बाळाचे ओठ स्तनाला लागलेले असतात, तोंड भरलेलं असतं, तेव्हा त्याला फक्त नाकातून आवाज काढता येतो. तो आवाज पुढे दूध पाहिल्यावर येतो, मग भुकेसाठी, मग आईसाठी. मला ही मांडणी फार पटते, कारण तुर्की ‘मामा’ आणि मराठी ‘मंमं’ त्यात आपोआप बसतात.

अर्थात हा कल आहे, नियम नव्हे. कन्नडमध्ये ‘अम्मा’ आई आणि ‘अप्पा’ वडील. शेजारच्या मंगळूर-उडुपीकडच्या तुळूत ‘अप्पे’ आई आणि ‘अम्मे’ वडील! दोन्ही भाषा एकाच द्राविडी कुळातल्या, तरी वाटणी उलटी.

कधी असा शब्द मोठ्यांच्या भाषेत कायमचा मुरतो, आणि मग इतर शब्दांसारखा झिजतो. जपानीत आईला ‘हाहा’ म्हणतात. जुन्या जपानीतला ‘प’ आधी ‘फ’ झाला आणि नंतर ‘ह’. म्हणजे ‘हाहा’ मुळात ‘पापा’ होती. १५१६ सालच्या एका जपानी संग्रहात कोडं आहे: आईला दोनदा भेटतात, वडिलांना एकदाही नाही, ते काय? उत्तर: ओठ. आजच्या ‘हाहा’त ओठ भेटतच नाहीत, म्हणजे तेव्हा लोक ‘फाफा’ म्हणत असणार. वडिलांसाठीचा ‘चिचि’ ओठांना जवळ न आणताच म्हटला जातो. पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार एका कोड्यात असा पकडला जावा, याचं मला अतिशय अप्रूप वाटतं.

भाषांचं नातं खरोखर तपासायचं, तर एकसारखा दिसणारा शब्द पुरत नाही. फरकातला नेमकेपणा लागतो. संस्कृतात ‘पितृ’, लॅटिनमध्ये ‘पातेर’, इंग्रजीत ‘फादर’. संस्कृतात ‘पाद’, लॅटिनमध्ये ‘पेद’, इंग्रजीत ‘फूट’. जिथे संस्कृत आणि लॅटिन ‘प’ ठेवतात, तिथे इंग्रजी ‘फ’ आणते, आणि हे शब्दामागून शब्दांत घडतं. असा पुरावा असेल तरच भाषाशास्त्रज्ञ भाषांना बहिणी म्हणतात. मामा, बाबा, दादा, पापा हे शब्द ते या पुराव्यात धरतच नाहीत.