बर्फावर मीठ टाकावं की नाही? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. तुर्भ्याहून आमच्या लाद्या बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यापासून ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापर्यंत जातात. उन्हाळा लागला की दोन प्रश्न हमखास येतात: "बोअरच्या पाण्याची लादी लवकर वितळते का?" आणि "बर्फ टिकावा म्हणून वरून मीठ टाकू का?" दोन्हींची उत्तरं इथे नीट देतो.

शुद्ध पाणी 0 अंश सेल्सिअसला गोठतं आणि त्याच तापमानाला वितळतं. त्यात मीठ, साखर असं काही विरघळलं की गोठायला त्याला आणखी गार व्हावं लागतं. किती गार, हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं. लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम साखर घातली तर गोठणबिंदू साधारण अर्धा अंश उतरतो. मिठाचे कण लहान, आणि विरघळताना सोडियम व क्लोराइड वेगळे होतात, म्हणून तेवढ्याच उतारासाठी 9 ग्रॅम मीठ पुरतं. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असलेलं समुद्राचं पाणी उणे 1.9 अंशाच्या आसपास गोठतं.

आता बोअरचं पाणी. लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असले तरी गोठणबिंदू उतरतो फार तर 0.03 अंश. तेवढ्याने लादी लवकर वितळत नाही. ती वितळते उन्हाने, वाऱ्याने, तडे गेल्याने आणि आधीच फोडून ठेवल्याने. म्हणून लागेल तेवढाच बर्फ फोडा, बाकीची लादी गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा.

क्षार दिसतात ते लादीच्या गाभ्यात. आमचे पाण्याचे डबे उणे 10 अंशांच्या आसपासच्या ब्राइनमध्ये, म्हणजे खारवलेल्या पाण्यात, बुडवलेले असतात. ब्राइन इतकं गार असूनही पातळ राहतं ते मिठामुळेच. डब्यातलं पाणी कडेकडून आत गोठत जातं. बर्फाचा स्फटिक जुळताना क्षारांना आणि हवेला आत घेत नाही, मधल्या पाण्याकडे ढकलतो. त्यामुळे लादी कडेला काचेसारखी आणि मध्ये पांढरट दिसते. खाण्याच्या बर्फासाठी हे मधलं पाणी गोठायच्या आत आम्ही उपसून काढतो आणि नवं भरतो. हे काम आम्ही टाळत नाही, कारण सरबताची चव तिथेच बिघडते.

मिठाचा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. मीठ टाकल्याने बर्फ टिकत नाही, उलट लवकर वितळतो. वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूच्या वस्तूंतून आणि स्वतःतूनही ओढतो, म्हणून मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं. बर्फाला हात लावून "जास्त गार झाला, म्हणजे टिकेल" असं वाटतं, ते याचमुळे. बर्फ आणि मिठाचं मिश्रण जास्तीत जास्त उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं.

कुल्फीवाल्यांना हेच हवं असतं. दुधातल्या साखरेमुळे कुल्फी 0 अंशाला जमत नाही, नुसता बर्फ तिथे उपयोगाचा नाही. तीन भाग बारीक फोडलेला बर्फ आणि एक भाग जाडं मीठ असं वजनाने घ्या, थरावर थर द्या.

मासळीवाल्या ताईंनी मात्र मीठ टाकूच नये. मासळीच्या अंगातल्या पाण्यातही क्षार असतात, म्हणून ती उणे 1 ते 2 अंशांच्या दरम्यान गोठू लागते. साध्या बर्फात ती गार राहते, गोठत नाही. मीठ पडलं की पापलेटचा बाहेरचा भाग गोठतो, बर्फाचे कण मांसाचे धागे फाडतात, आणि नंतर पाणी सुटून मासा मऊ पडतो. गिऱ्हाईक बोटाने दाबून पाहतं तेव्हा हे लगेच कळतं.

निळ्या बर्फाबद्दलही विचारणा होते. 2018 पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळा रंग देणं बंधनकारक आहे. त्या चिमूटभर रंगाने वितळण्यात फरक पडत नाही. पण तो बर्फ रसात, सरबतात किंवा गोळ्यासाठी अजिबात वापरू नका.

ऑर्डर देताना बर्फ मासळीला, कुल्फीला की पिण्याला हवा ते सांगा. कुल्फीसाठी बारीक फोडून देऊ.